चांद्याच्या सागाचा हिशेब

१८५६ साली डीट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांतात सागाच्या जंगलांचा कारभार पाहू लागला. किती झाडे आहेत हे कोणालाच माहीत नव्हते आणि मौलमीनच्या व्यापाऱ्यांना तर जंगल मोकळे हवे होते. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगलातून ठरावीक रेषांवर फिरू लागला. डाव्या हातात लाकडाच्या चार कांड्या, उजव्या हातात चाकू. साग दिसला की जाडी पाहून त्या त्या कांडीवर एक खाच. सहा फुटांहून जास्त घेराचे झाड पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांचे दुसऱ्या वर्गात, त्याखालची तिसऱ्या आणि चौथ्यात. संध्याकाळी तळावर परतल्यावर खाचा मोजायच्या आणि वहीत उतरवायच्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांना फाशी दिली गेली. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदाराने अहेरी, घोट, राजगड या मुलखात इंग्रजांशी उघड युद्ध पुकारले होते. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते आणि वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावतीच्या काठचे अफाट जंगल नव्या मालकाच्या हाती येत होते. बंड मोडल्यावर काही वर्षांतच या जंगलात मोजणीदार शिरले. पेगूतल्या त्या चार कांड्या आणि चांद्यातली ती फाशी मला वेगळी करता येत नाहीत. जंगल मोजायचे तर आधी ते कोणाचे हे ठरावे लागते, आणि चांद्यात ते बळाने ठरले.

ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. १८६५ चा आणि मग १८७८ चा जंगल कायदा आला, त्याच १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली. राखीव जंगलांची हद्द आखली गेली आणि प्रत्येक राखीव जंगलाची एक लिखित योजना असावी असा शिरस्ता पडला. आज जिला आपण कार्य आयोजना म्हणतो तिचा हा उगम. दक्षिण चांद्यातले आलापल्लीचे सागवन त्या व्यवस्थेत मध्य प्रांताचे भूषण ठरले.

या योजनांच्या मुळाशी एकच प्रश्न होता: यंदा किती तोडायचे? ब्रँडिसचे उत्तर साधे आणि प्रामाणिक होते. मोठी झाडे किती आहेत हे पाहून तोड ठरवू नका, दरवर्षी किती झाडे मोठी होतात ते पाहा. समजा दुसऱ्या वर्गात २४,००० झाडे आहेत आणि साडेचार फुटांवरून सहा फुटांवर जायला सागाला २४ वर्षे लागतात. मग वर्षाला सरासरी एक हजार झाडे पहिल्या वर्गात दाखल होणार. त्यातून वणवा, वाळवी, वादळ यांत मरणारी वजा करा. उरतील तेवढीच तोडा. मुद्दल शाबूत, व्याजावर संसार. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय वनशास्त्राचा गाभा हाच.

जर्मनीत याहून सुटसुटीत सूत्रेही होती. फॉन मांटेल याचे सूत्र डेहराडूनचे विद्यार्थी पाठ करत. उभ्या लाकडाच्या घनफळाची दुप्पट करा आणि तिला फेरपाळीच्या वर्षांनी भागा. फेरपाळी म्हणजे लागवडीपासून तोडीपर्यंतचा काळ. ऐंशी वर्षांची फेरपाळी आणि ४०,००० घनमीटर उभे लाकूड असेल तर वर्षाची तोड एक हजार घनमीटर. यात गृहीत असे की जंगलात एक वर्षापासून ऐंशी वर्षांपर्यंत प्रत्येक वयाची झाडे सारख्याच क्षेत्रावर उभी आहेत. असे आदर्श जंगल चांद्यात कोठेच नव्हते. येथे म्हातारा साग, कोवळा साग, मध्येच बांबूची रांजी, उतारावर ऐन आणि धावडा, सखल जागी मोह. सूत्र एका काल्पनिक जंगलासाठी होते आणि ते लावले जात होते खऱ्यावर.

प्रत्यक्ष कामात मग क्षेत्राचा हिशेब सोपा पडे. जंगलाचे कक्ष पाडायचे, कक्षांच्या मालिका लावायच्या, मालिकेत वर्षाला एक कूप, म्हणजे त्या वर्षी तोडायचा तुकडा. कुपाची आखणी, छातीच्या उंचीवर घेर मोजणे, तोडायच्या झाडावर हातोड्याचा ठसा, पावसाळा संपल्यावर तोड, मग डेपोत लट्ठ्यांच्या थप्प्या आणि लिलाव. आलापल्ली आणि बल्लारपूरचे डेपो या साखळीचे शेवटचे टोक. हे काम किती काटेकोर होते ते जुन्या नोंदवह्या पाहिल्या की कळते. ज्या वनरक्षकांनी आणि मजुरांनी उन्हातान्हात, वाघाच्या मुलखात एकेक झाड मोजले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण नोंदवहीत रकाने दोनच होते, साग आणि आडजात. बीजा, हळदू, ऐन, धावडा, सगळे आडजातीत. साग ही कमाई आणि बाकीचे तिच्या वाटेतले. गोंड-माडियांच्या घरात मात्र याच आडजातीवर संसार चाले. मोहाची फुले, टोळीचे (मोहाच्या बियांचे) तेल, चारोळी, तेंदू, नांगराचे लाकूड, कुडाचा बांबू. मध्य प्रांतात या गरजांना निस्तार हे नाव मिळाले, त्यासाठी वेगळी तरतूदही झाली. तोडीचे गणित होत असताना मात्र निस्तार ही बाजूला काढून ठेवायची रक्कम होती. गणिताचे उद्दिष्ट ती कधी झाली नाही.

आता जरा जर्मनीत परत जाऊ, कारण या गोष्टीचे दुसरे सूत तेथेच कातले गेले. १८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमान या वनाधिकाऱ्याने एका वन-नियतकालिकात लेख लिहिला. त्याचा प्रश्न होता की झाडे लावायच्या मोकळ्या जमिनीची किंमत काय? आज लावले, साठ वर्षांनी तोडले, पुन्हा लावले, पुन्हा तोडले, असे कायम चालू ठेवले तर त्या सगळ्या उत्पन्नाचे आजचे मोल किती? यात व्याजाचा दर शिरतो आणि सगळे चित्र पालटते. साठ वर्षांनी मिळणाऱ्या एक लाख रुपयांचे आजचे मोल तीन टक्के दराने साधारण सतरा हजार रुपये भरते. दर सहा टक्के धरला तर तेच मोल तीन हजारांवर येते. म्हणजे दर चढला की म्हातारे झाड राखणे तोट्याचे, फेरपाळी आखूड करा, झाड कोवळे असतानाच तोडा. पुढे १९७३ मध्ये कॉलिन क्लार्क या कॅनडातल्या गणितज्ञाने देवमाशांच्या संदर्भात याचा कडेलोट दाखवला. एखादा जीव व्याजदरापेक्षा सावकाश वाढत असेल तर निव्वळ नफ्याचे गणित त्याला संपवून पैसा बँकेत ठेवायला सांगू शकते. बीजासारख्या संथ वाढणाऱ्या झाडाच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

हिंदुस्थानातल्या वनाधिकाऱ्यांनी बराच काळ व्याजाला कार्य आयोजनेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. घेर किती झाला की झाड तोडायचे हे बाजारात खपणाऱ्या लट्ठ्याच्या जाडीवरून ठरे. १९४० मध्ये लॉरी आणि बक्षी संत राम यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या साग रोपवनांचे उत्पन्न-तक्ते प्रसिद्ध केले. कोणत्या प्रतीच्या जमिनीवर कोणत्या वयाला किती घेर, किती उंची, किती घनफळ, हे त्यांत होते. गणिताला लागणारा कच्चा माल म्हणजे हे तक्ते.

त्याच सुमारास लेनिनग्राडमध्ये एक वेगळीच घटना घडली होती, आणि तिचा संबंध लाकडाशीच होता. प्लायवूड कारखान्याच्या लोकांनी लिओनिद कांतोरोविच या तरुण प्राध्यापकाला एक अडचण सांगितली. लाकडाचा पातळ पापुद्रा काढणारी आठ यंत्रे, पाच प्रकारची लाकडे. प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग निराळा. कोणते लाकूड कोणत्या यंत्रावर किती वेळ घातले म्हणजे सर्वात जास्त माल निघेल? १९३९ मध्ये कांतोरोविचने याची रीत छापली. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये स्वतंत्रपणे तशीच रीत बसवली. तिला रेषीय नियोजन म्हणतात. कांतोरोविचला १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

ही रीत जंगलाला चपखल बसते. जंगलाचे वयाप्रमाणे आणि जमिनीच्या प्रतीप्रमाणे गट पाडा. प्रत्येक गटातले किती हेक्टर कोणत्या दशकात तोडायचे, हे अज्ञात आकडे. मग मर्यादा लिहा: कोणत्याही गटात आहे त्याहून जास्त क्षेत्र तोडता येणार नाही, दोन दशकांच्या उत्पन्नात फार चढउतार नको, शेवटी अमुक इतके उभे लाकूड शिल्लक हवे, नाल्याच्या काठाला हात लावायचा नाही. आणि एक उद्दिष्ट: एकूण उत्पन्नाचे आजचे मोल जास्तीत जास्त. सगळ्या मर्यादा पाळणाऱ्या असंख्य वेळापत्रकांतून यंत्र सर्वात चांगले काढून देते. १९६७ मध्ये जे. सी. नौटियाल आणि पीटर पिअर्स यांनी ‘फॉरेस्ट सायन्स’मध्ये याच रीतीने दाखवले की वेड्यावाकड्या वयांचे जंगल हळूहळू सारख्या उत्पन्नाच्या घडीवर कसे आणता येईल. चांद्याच्या जंगलाचा जुना प्रश्न नेमका हाच होता. चार वर्षांनी कॅलिफोर्नियात डॅनियल नॅवनने अमेरिकी सरकारी जंगलांसाठी ‘टिंबर रॅम’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि १९८० च्या आसपास तिची जागा ‘फोरप्लॅन’ने घेतली.

या रीतीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. उत्तराबरोबर ती प्रत्येक मर्यादेची किंमतही सांगते. नाल्याकाठचा एक हेक्टर राखला तर उद्दिष्टातून किती रुपये उणे होतात, हा आकडा आपोआप समोर येतो. ज्याला राखायचे आहे त्याला काय सोडावे लागते ते कळते, आणि ज्याला तोडायचे आहे त्याला लपवाछपवी करता येत नाही. पण उद्दिष्टात जे लिहिलेच नाही त्याची किंमत यंत्राच्या लेखी शून्य. अमेरिकेत ‘फोरप्लॅन’ नव्वदच्या दशकात मागे पडले. हजारो ओळींच्या त्या कोष्टकात शिरून आपल्या गावाजवळची टेकडी कोणत्या गृहीतकावर तोडली जाते, हे सामान्य माणसाला शोधता येत नव्हते, आणि घुबडाच्या घरट्यापासून लाकूडतोड्याच्या नोकरीपर्यंत कशाला किती मोल यावर एकमत नव्हते.

चांद्यात व्याजाचा हा विचार बँकेच्या कर्जाच्या वाटेने आला. राष्ट्रीय कृषी आयोगाने ऑगस्ट १९७२ मध्ये उत्पादक वनीकरणावर अंतरिम अहवाल दिला. नैसर्गिक मिश्र जंगलांतून हेक्टरी उत्पन्न फार कमी मिळते, ती साफ तोडून कारखान्यांना लागणाऱ्या झाडांची रोपवने लावावीत, त्यासाठी राज्यांनी महामंडळे काढून बँकांचे भांडवल आणावे, असा त्याचा सल्ला. फेब्रुवारी १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. पश्चिम चांदा, मध्य चांदा, ब्रह्मपुरी, मार्कंडा, प्राणहिता अशा प्रकल्प विभागांतून जुने मिश्र जंगल कुपाकुपाने साफ होऊन तेथे सागाच्या रांगा उभ्या राहिल्या. कर्जावर व्याज होते, आणि फाउस्टमानला जे कागदावर दिसले ते आता आलापल्लीच्या मातीत उतरले. मिश्र जंगलाची वाढ संथ म्हणून ते गणितात हरत होते. मोह आणि चारोळीचे दरसालचे उत्पन्न महामंडळाच्या खात्यात येणारच नव्हते, म्हणून त्याला रकानाच नव्हता.

१९७६ हे साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी कृषी आयोगाचा अंतिम अहवाल आला आणि औद्योगिक लाकूड पिकवणे हेच जंगलांच्या असण्याचे कारण मानले गेले. त्याच वर्षी पॉल सॅम्युएल्सनने फाउस्टमानचे गणितच बरोबर असल्याचे अर्थशास्त्रज्ञांना बजावणारा निबंध प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षी रिचर्ड हार्टमनने एक छोटा, फारसा गाजावाजा न झालेला लेख लिहिला. उभे जंगल जर स्वतःच दरवर्षी काही देत असेल, पाणी, फळे, शिकार, सावली, तर ते मोल गणितात धरा. त्याने दाखवले की मग फेरपाळी लांबते आणि उभ्या जंगलाचे मोल पुरेसे मोठे असेल तर झाड कधीच न तोडणे हे बिनचूक उत्तर ठरते. मोहाखाली टोपली घेऊन बसलेल्या बाईचा हिशेब हार्टमनच्या समीकरणात बसतो. कृषी आयोगाच्या अहवालात त्याला जागा नव्हती.

बांबूची कथा याहून बोलकी आहे. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ मध्ये थापर घराण्याने स्थापन केली आणि पुढे कित्येक दशके चांद्याचा बांबू तिच्या लगद्यात गेला. बांबू झटपट वाढतो, म्हणून त्याचे गणित सोपे वाटते: रांजीतले जुने बांबू काढा, यंदाचे कोवळे ठेवा, तीन-चार वर्षांनी परत या. गणिताला दोन आकडे लागतात, रांजीत बांबू किती आणि वर्षाला नवे किती. हे आकडेच चुकीचे असले तर? पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्र शिकून आलेले. १९७५ पासून कर्नाटक सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी आणि नरेंद्र प्रसाद यांनी तेथल्या गिरणीच्या बांबूवनांची पाहणी केली. कागदोपत्री दाखवलेला साठा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगवलेला निघाला. आणखी एक गोष्ट कळली. तोड सोपी व्हावी म्हणून गिरणीचे मजूर रांजीच्या बुडाचे काटेरी आवरण साफ करत. गावकरी ते कधीच काढत नसत. आवरण गेले की कोवळे कोंब गुरे आणि माकडे खाऊन टाकत. कितीही नेमके सूत्र असले तरी रांजीच्या बुडाशी काय चालले आहे ते त्यात नसेल तर तोडीचा आकडा पोकळ. गाडगीळांनी पुढे आपल्या बांबूचा हिशेब स्वतः ठेवणाऱ्या मेंढा (लेखा) गावाबद्दल वारंवार लिहिले ते मला म्हणूनच स्वाभाविक वाटते.

ऐंशीच्या दशकात या जंगलाचा प्रश्न रस्त्यावर आला. शेजारच्या बस्तरात साल तोडून पाइन लावण्याचा प्रकल्प आदिवासींच्या विरोधामुळे गुंडाळावा लागला. ऑगस्ट १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, त्यात बाबा आमटे होते आणि धानोरा तालुक्यातली मेंढ्यासारखी गावेही. बांबू तोडीची आणि तेंदू पुड्याची मजुरी हा कळीचा मुद्दा झाला. १९८८ च्या वन धोरणाने महसूल खाली आणि पर्यावरण व स्थानिकांच्या गरजा वर ठेवल्या. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय कोठेही झाड तोडू नये असा हुकूम दिला. एका फटक्यात कार्य आयोजना ही खात्यातली पोथी न राहता कायदेशीर दस्तऐवज झाली.

मेंढ्याने मात्र वेगळीच वाट धरली. गावात आम्हीच सरकार, असे म्हणणाऱ्या या गोंड गावाने अभ्यासगट बसवले, सर्वसहमतीखेरीज निर्णय नाही असा नेम केला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. बांबू हे कायद्याने गौण वनोपज होते, पण वाहतुकीचा परवाना खात्याच्याच हाती राहिला, त्यामुळे हक्क असूनही बांबू विकता येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक पासाचे पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या ग्रामसभेच्या हवाली झाले. किती बांबू काढायचा, कोणत्या भागातून, मजुरी किती, पुढच्या वर्षासाठी काय शिल्लक, हे सगळे आकडे आता गावाच्या बैठकीत ठरू लागले. रेषीय नियोजनाच्या भाषेत सांगायचे तर मर्यादा तशाच राहिल्या, उद्दिष्ट लिहिणारा हात बदलला. गडचिरोलीत आज अशा सामूहिक हक्काची गावे हजाराच्या वर आहेत.

जुन्या व्यवस्थेनेही कधीतरी हात आखडता घेतला होता. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ हा तिच्याच पोटातला सहा हेक्टरांचा तुकडा. येथे भव्य साग उभे आहेत आणि २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. कोणत्याही व्याजदराने ही झाडे कधीच कुपात यायला हवी होती. कोणा वनाधिकाऱ्यांनी त्यांच्या तोडीपुढे शून्य लिहिले म्हणून ती राहिली. दुसरीकडे मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागाची पहिली खेप निघाली आणि चांद्याच्या सागाची कीर्ती पुन्हा देशभर झाली. तो लट्ठा इतका सरळ आणि घट्ट का, तर त्याला वाढायला कोणीतरी वेळ दिला होता.

आता गाठ अशी पडली आहे. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेची समिती आपल्या सामूहिक जंगलाचा व्यवस्थापन आराखडा तयार करते आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो. त्याच कक्षांसाठी खात्याची दहा वर्षांची आयोजना आधीच मंजूर असते, राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेच्या चौकटीत बसवलेली. शेजारी ताडोबा आहे, ब्रह्मपुरी आणि राजुऱ्याच्या रोपवनांतून वाघांची वर्दळ आहे, त्यामुळे लागून असलेले दोन कूप एकाच वर्षी उघडे पाडू नयेत ही नवी मर्यादाही आली. असे प्रश्न सोडवायला आजचा साधा संगणक पुरेसा आहे. ग्रामसभेच्या बैठकीत हे कोष्टक भिंतीवर लावता येईल, साग आणि आडजात या दोन रकान्यांऐवजी मोह, टोळी, चारोळी, तेंदू, बांबू, पाणी, वाघ असे रकाने आखता येतील आणि प्रत्येक मर्यादेपुढे तिची किंमत लिहिता येईल. ते आकडे मराठीत आणि गोंडीत वाचून दाखवण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागेल. गडचिरोलीच्या बहुतेक कक्षांत ते अजून सुरू व्हायचे आहे.